वाईनरीत नाहीतर डिस्टिलरीत कामाला लागताय? होज हातातून सोडू नका

वाईनरीतल्या माझ्या पहिल्या हार्वेस्टच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या हंगामाच्या, तिसऱ्या दिवशी टाकी धुवायला मी होज (जाड पाइप) उचलला तर मागून एक सिनिअर आले, "द्या मॅडम, मी करतो, तुम्ही कशाला भिजताय" म्हणत होज घेतला आणि मी पण थँक्यू म्हणून बाजूला झाले. माणूस खरंच भला होता. पण हे रोज व्हायला लागलं, आणि आठवड्याच्या शेवटी लक्षात आलं की माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला पंप जोडता येतो, कुठला व्हॉल्व्ह कशाचा ते कळतं, आणि मला फक्त सॅम्पलच्या बाटल्यांना लेबल लावता येतात. पुढच्या सोमवारी ते परत आले तेव्हा म्हटलं, "काका, तुम्ही शेजारी उभे राहा, चुकलं तर सांगा, पण धुणार मीच." भिजले, बरीच भिजले, पण त्या दिवसापासून काम शिकायला लागले.

वाईन किंवा स्पिरिट (व्हिस्की, रम वगैरे) बनवायच्या बाजूला, म्हणजे विकायच्या नाही तर बनवायच्या, यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची असं बऱ्याच मुली विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पायरी १: वाईन की स्पिरिट ते ठरवा

दोन्हीकडे दारूच बनते पण दिवस फार वेगळे जातात. वाईनरीचं काम हंगामाचं. द्राक्षं वर्षातून एकदा पिकतात आणि ते दोनअडीच महिने झोप, सुट्टी, घरचं कार्य सगळं गेलं समजा, बारा-बारा तासांच्या शिफ्ट लागतात, आणि मग उरलेलं वर्ष बॅरल, गाळणं, बॉटलिंग असं जरा संथ. डिस्टिलरी बहुतेक वर्षभर चालते, शिफ्टमध्ये, आणि तिथे रोज तीच प्रोसेस तशीच्या तशी पुन्हा करता येणं याला किंमत आहे. ज्यांना दरवर्षी नवा गोंधळ आवडतो त्यांनी वाईनकडे जावं, ज्यांना आकडे आणि शिस्त आवडते त्यांनी डिस्टिलरीकडे. मी दोन्ही केलंय आणि मला अजून ठरवता आलेलं नाही, तो भाग वेगळा.

पायरी २: आत शिरायचं कसं

वाईनमध्ये सगळ्यात सोपं दार म्हणजे हार्वेस्ट इंटर्न किंवा सेलर हँड, म्हणजे सेलरमध्ये, टाक्या-बॅरलच्या जागेत, पडेल ते काम करणारा. उत्तर गोलार्धात, म्हणजे युरोप-अमेरिकेकडे, तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे जे फिरू शकतात ते एका वर्षात दोन हार्वेस्ट करतात आणि दोन वर्षांत चार. अनुभव झटपट मिळवायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. अर्ज तोडणीच्या निदान चार-पाच महिने आधी करायचा, ऐनवेळी कोणी मेल उघडत नाही.

शिकूनच यायचं असेल तर डेव्हिस (अमेरिका), बोर्दो (फ्रान्स), गायझनहाइम (जर्मनी), ॲडलेड (ऑस्ट्रेलिया) इथे वाईनचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत, आणि ब्रूइंग-डिस्टिलिंगसाठी एडिंबरोचं हेरियट-वॉट. पण केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी, केमिकल इंजिनिअरिंग यातलं काहीही चालतं. जमैकाच्या ॲपलटन रमच्या जॉय स्पेन्स मूळच्या केमिस्टच, १९८१ मध्ये चीफ केमिस्ट म्हणून लागल्या आणि १९९७ मध्ये मास्टर ब्लेंडर (कुठला माल किती मिसळायचा ते ठरवणारी मुख्य व्यक्ती) झाल्या, स्पिरिट्सच्या धंद्यात त्या पदावर पोचलेली पहिली बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. म्हणजे १६ वर्षं लागली. लिंक्डइनवर सहा महिन्यांत ब्लेंडर झालेले दिसतात त्यांच्याकडे बघून जीव जाळू नका.

डब्ल्यूसेटचे, म्हणजे वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचे, कोर्स बऱ्याच जणी आधी करतात. ते चांगले आहेत, पण त्यात चव घ्यायला आणि वाईन ओळखायला शिकवतात, पंप उघडायला नाही. डिस्टिलिंगवाल्यांसाठी चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूअर्स अँड डिस्टिलर्सच्या परीक्षा जास्त उपयोगाच्या, नोकरी करता करता देता येतात.

आणि ऑफिसच्या दारातून आलात तरी आत जाता येतं बरं का. बेसी विल्यमसन १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या आयला बेटावर लाफ्रॉइग डिस्टिलरीत टायपिस्ट म्हणून उन्हाळ्यापुरत्या गेल्या होत्या, मालक १९५४ मध्ये वारले तेव्हा डिस्टिलरी त्यांच्याच नावावर करून गेले. आता असे मालक भेटणं कठीण, पण बाई तिथे वीस वर्षं सगळं शिकत होती हे विसरायचं नाही.

पायरी ३: इंटरव्ह्यूत तुम्हीपण प्रश्न विचारा

आपण फक्त उत्तरं देऊन येतो. हे विचारा: सेलरमध्ये बायकांचं टॉयलेट कुठे आहे, म्हणजे आवारात आहे का, की ऑफिसच्या बिल्डिंगपर्यंत चालत जायचं आणि ती रात्री बंद असते? रात्रपाळीला बरोबर कोण असतं? सुटल्यावर घरी पोचायची सोय काय? हार्वेस्टला राहायची खोली शेअर करायची असेल तर कोणाबरोबर? माझ्या मापाचे सेफ्टी शूज आणि ग्लोव्हज आहेत का? टाकीत उतरायचं ट्रेनिंग कोण देतं? हे विचारल्यावर समोरचा वैतागला तर ते पण उत्तरच आहे. एका ठिकाणी मी मापाचे बूट विचारले तर "मोजे दोन घाला" म्हणाले. मी घातले. ओल्या फरशीवर पाय आतल्या आत सरकून घोटा मुरगळला आणि चार दिवस घरी बसले, तेव्हापासून बूट स्वतःचे विकत घेते आणि बिल कंपनीला देते.

पायरी ४: अंगावर काय, अंगाला काय नाही

गमबूट, तेही न घसरणाऱ्या तळाचे. गॉगल. केमिकलचे लांब ग्लोव्हज आणि साधे ग्लोव्हज वेगळे. एकसंध डांगरीपेक्षा शर्ट-पँट घ्या, कारण बारा तासांत प्रत्येक वेळी टॉयलेटला जाताना सगळी डांगरी खांद्यापासून उतरवायची म्हणजे शिक्षा, आणि मग मुली पाणी पिणंच कमी करतात, जे उन्हाळ्याच्या शेवटी गरम सेलरमध्ये अजिबात करू नये. लॉकरमध्ये कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि पॅडचं पाकीट ठेवा. केस बांधून टोपीत, ओढणी, अंगठ्या, लोंबणारं काहीही नको कारण क्रशरच्या स्क्रूला तुमची ओढणी आणि द्राक्षाचा घड यातला फरक कळत नाही.

परफ्यूम, वासाचं तेल, बॉडी लोशन, सगळं बंद. तुम्हाला वास येत नाही म्हणून इतरांना येत नाही असं नसतं.

पायरी ५: हवा. हे दोनदा वाचा

या धंद्यात माणसं कशाने मरतात हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं आणि बरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतं, एक लिटर रसातून साधारण ५० लिटरच्या आसपास गॅस निघतो. म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीतून किती ते तुम्हीच करा. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तो खाली साचतो, टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, तळघराच्या कोपऱ्यात, आणि रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते.

नेहमीच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, आठ तासांच्या कामाला ०.५ टक्क्यांची मर्यादा बऱ्याच देशांत धरतात, ४ टक्के म्हणजे जिवाला थेट धोका. आता यातली गोम ऐका. पुष्कळ जणांकडे ऑक्सिजनचा मीटर असतो आणि त्यावर ते निर्धास्त असतात, पण हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ वर येतो आणि मीटरचा अलार्म साधारण १९.५ ला वाजतो, म्हणजे तुमची शुद्ध जायची वेळ आली तरी मीटर गप्प. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेलाच मीटर मागायचा. मेणबत्ती सोडून बघायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर हसून सोडून द्या, मेणबत्ती विझेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

टाकीत एकटीने उतरायचं नाही. परमिटशिवाय नाही, मीटरशिवाय नाही, बाहेर माणूस उभा असल्याशिवाय नाही. आणि आत कोणी पडलेलं दिसलं तर तुम्ही उतरायचं नाही, ओरडायचं, टाकीत बाहेरची हवा सोडायची, बचावाचं सामान असलेल्यांना बोलवायचं. हे वाचायला निर्दयी वाटतं पण एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशी माणसं या धंद्यात गेलेली आहेत. बारीक अंगाच्या मुलींना एक वेगळा त्रास, टाकीचं दार लहान असतं म्हणून "तूच जा, तू मावतेस" म्हणतात. मावणं ही परवानगी नाही, एवढं म्हणायची तयारी घरून करून जा.

बाकी केमिकलचं थोडक्यात. कॉस्टिक (टाक्या धुवायचा सोडा) नेहमी पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही. सल्फर, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, डबा उघडून हुंगायचा नाही, दमा असेल तर आधीच सांगा. त्याच्या वजनातलं साधारण ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड म्हणून मिळतं, त्यामुळे १,००० लिटरला ५० मिलिग्रॅम प्रति लिटर द्यायचं तर ५० ग्रॅम नाही, ८८ ग्रॅमच्या आसपास लागतो. नवीन माणूस हमखास इथे चुकतो, मी पण चुकले होते, आणि नशीब की टाकी छोटी होती.

पायरी ६: "तुला उचलेल का?"

हा प्रश्न येणारच. २२५ लिटरचं रिकामं बॅरल ४५-५० किलोचं, भरलेलं पावणेतीनशे किलोच्या आसपास. भरलेलं बॅरल कोणीच उचलत नाही, पैलवान पण नाही, ते फोर्कलिफ्टचं काम आहे. रिकामं बॅरल उचलायचं नसतं, लोळवायचं आणि फिरवायचं असतं, त्याच्याच फुगीर पोटावर टेकवून किंचित झोका दिला की ते स्वतःच उभं राहतं, हे जमायला मला दोन दिवस लागले आणि एक निळा अंगठा. फोर्कलिफ्टचं लायसन्स मात्र पहिल्या वर्षातच काढा. ज्या मुलीला फोर्कलिफ्ट चालवता येते तिला "उचलेल का" विचारायचं लोक आपोआप बंद करतात.

होजचं गणित पण करून ठेवा: दोन इंची होजमध्ये दर मीटरला दोन लिटर मावतं, म्हणजे २० मीटरचा होज भरलेला असेल तर आतलंच वजन ४० किलो. जे पुरुष तो तसाच ओढतात ते चाळिशीत पाठीला पट्टा लावून फिरतात. आधी एका टोकाने उंच धरत चालत जाऊन रिकामा करा, मग गुंडाळा.

रेड वाईनमध्ये सालं वर येऊन जाड थर बसतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा असतो. ते मनगटाच्या ताकदीचं काम नाही, कडेने सुरुवात करून छोटे छोटे भाग फोडत मध्याकडे जायचं. आणि फळीवर उभं राहून वाकायचं नाही, कारण वाकलात की तोंड थेट त्या गॅसमध्ये.

पायरी ७: डिस्टिलरीत गेलात तर

मराठीत "पहिल्या धारेची" म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. डिस्टिलरीत पहिली धार बाजूला काढतात, पिण्यासाठी घेत नाहीत. तिला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. मग मधली धार, तीच खरी, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या कुत्र्याचा वास यायला लागला की शेपूट आली. कुठे कापायचं हे प्रत्येक डिस्टिलरीचं वेगळं, स्कॉच माल्टमध्ये साधारण पंचाहत्तर टक्के अल्कोहोलच्या आसपास मधली धार घ्यायला सुरुवात करतात आणि साठीच्या आसपास थांबतात. आकडा हायड्रोमीटर सांगतो पण खात्री नाकाने करायची, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर पाच मिनिटांच्या सॅम्पलचे छोटे ग्लास ओळीने मांडून हुंगत बसा. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं आणि इथेनॉल ७८.४ ला, म्हणून पहिली धार टाकली की सगळं मिथेनॉल गेलं, हे जे लोक छातीठोकपणे सांगतात ते खरं नाही, ते थोडं थोडं पूर्ण धारेत उतरतं. घरी प्रयोग करू नका हे वेगळं सांगायला नको.

डिस्टिलरीत गॅसपेक्षा मोठी भीती आगीची. शुद्ध इथेनॉलची वाफ हवेत ३.३ टक्के झाली की ठिणगीची वाट बघत असते, आणि खोलीच्या तापमानालाच तेवढी वाफ होते. म्हणून स्टिल हाउसमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीच्या खोलीत, मोबाइल नाही, सिंथेटिक कपडे नाहीत, टँकर किंवा ड्रम भरताना अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही.

आणि अर्धा लिटर इथेनॉल अधिक अर्धा लिटर पाणी बरोबर एक लिटर होत नाही, ९६० मिलिलिटरच्या आसपास होतं. पाणी घालून स्ट्रेंथ खाली आणताना हे विसरलं की हिशोब बसत नाही आणि एक्साइजच्या रजिस्टरसमोर घाम फुटतो. स्ट्रेंथचा आकडा पण २० अंश तापमानाला दुरुस्त करून वाचायचा.

पायरी ८: नाक

"बायकांचं नाक तिखट असतं" हे कौतुक म्हणून सांगतात. वास ओळखायच्या चाचण्यांत बायका सरासरीने किंचित पुढे असतात हे खरं आहे, पण फरक छोटा आहे, आणि या कौतुकाचा शेवट बहुतेक वेळा "म्हणून तू टेस्टिंग रूममध्येच बस" असा होतो. नाक सरावाने होतं. स्पिरिट हुंगताना पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणा, नाहीतर अल्कोहोलच नाक बधिर करतं. रोज त्याच वेळेला, शक्यतो जेवणाआधी. वही ठेवा आणि त्यात स्वतःचे शब्द लिहा, पुस्तकातलं "ब्लॅककरंट" कधी खाल्लंच नसेल तर लिहून उपयोग काय.

थुंकायला लाजायचं नाही. ही आपल्याकडे मुलींना खरी अडचण वाटते, चारचौघांत थुंकायचं कसं, तर बाथरूममध्ये पाण्याने आठवडाभर सराव करा, हसू नका, मी केलाय. गिळत राहिलात तर दुपारपर्यंत तुमच्या नोंदींना अर्थ नाही आणि गाडी तर चालवूच नका. वाईन आंबट असते, दातांचं एनॅमल झिजवते, टेस्टिंग झाल्या झाल्या ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा आणि तासाभराने ब्रश करा.

दिवस राहिले तर: थुंकलं तरी तोंडातून थोडं अल्कोहोल अंगात जातंच, आणि गरोदरपणात इतकं चालतं असा कुठलाही सुरक्षित आकडा नाही. डॉक्टरशी बोला, मग सुपरवायझरला लवकर सांगा, फक्त हुंगून काम करता येतं, पुष्कळ ब्लेंडर एरवीही चाखण्यापेक्षा हुंगूनच जास्त काम करतात. पहिल्या काही महिन्यांत वास नको इतके येतात, तेव्हा मोठे ब्लेंडचे निर्णय दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. वजन, सल्फर, टाकी यातून बाजूला ठेवायला सांगा, पण परत आल्यावर तीच जागा मिळेल हे लेखी घ्या.

पायरी ९: माणसं

विटाळाची गोष्ट जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की पाळीतल्या बाईच्या नुसत्या जवळ येण्याने नवी वाईन आंबते. जपानमध्ये साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) कारखान्यात बायकांना मज्जाव असायचा, आणि आज हिरोशिमाकडच्या मिहो इमादा स्वतः तोजी, म्हणजे मुख्य साके बनवणाऱ्या, आहेत. वाईन आंबते ती ॲसिटिक ॲसिड करणाऱ्या बॅक्टेरियाने आणि अर्धवट भरलेल्या टाकीतल्या हवेने. पाळीचं कारण कोणी पुढे केलं तर टाकी वरपर्यंत भरली होती का ते विचारा.

फ्रान्समध्ये शॅम्पेनची मादाम क्लिको १८०५ मध्ये २७ व्या वर्षी विधवा झाली आणि धंदा हातात घेतला. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला धंद्यासाठी नवऱ्याची परवानगी लागायची, विधवेला नाही. बाटल्या उलट्या करून थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणायची पद्धत १८१६ च्या सुमारास तिच्याच तळघरात बसवली गेली असं सांगतात. मला या गोष्टीत नेहमी तो कायदाच आठवतो. नवरा असता तर आपल्याला तिचं नाव कळलंच नसतं कदाचित.

तुमच्याशी रोज काय होईल ते सांगते. व्हिजिटर आले की "मॅडम तुम्ही जरा टेस्टिंग घ्या ना, तुम्ही छान बोलता." एकदा जा, दोनदा जा, तिसऱ्यांदा म्हणा की पंपओव्हर (टाकीतला खालचा रस पंपाने वर सालांवर सोडणं) चालू आहे, संपवून येते. मिटिंगमध्ये तुमची सूचना दुसऱ्याच्या तोंडून आली तर तिथल्या तिथे "हो, मी मगाशी तेच म्हणत होते" म्हणा, नंतर घरी जाऊन चिडून उपयोग नाही. आणि ज्याला जोक म्हणतात तो जोक नसेल, कोणी अंगाशी येत असेल, तर तारीख, वेळ, कोण होतं, लगेच लिहा, स्वतःच्या मेलवर पाठवा, मग लेखी तक्रार. दारूच्या धंद्यात संध्याकाळी सगळे थोडी घेतात आणि दुसऱ्या दिवशी "काल जास्त झाली होती" म्हणतात. तुमच्या नोंदीला जास्त झालेली नसते.

या कामातल्या बाकीच्या बायका शोधा, प्रत्येक सेलरमध्ये नसल्या तरी शेजारच्यात असतील. कुठे बूट मिळतात इथपासून कुठला सुपरवायझर टाळायचा इथपर्यंत सगळं त्याच सांगतात.

पायरी १०: रजिस्टर

दिवसाच्या शेवटी थकलेले सगळे "उद्या लिहू" म्हणून जातात. तुम्ही थांबा. टाकी नंबर, वेळ, तापमान, ब्रिक्स (रसातल्या साखरेचा आकडा), काय घातलं, किती घातलं, आणि खाली सही, पूर्ण नावाने. व्हाइट वाईन १२ ते १८ अंशाला आणि रेड २४ ते ३० च्या आसपास फर्मेंट होत असताना एखादी टाकी रात्रीत चार अंश चढली तर सकाळी सगळे विचारतात शेवटचं कोणी बघितलं, आणि ज्याची नोंद असते त्याला बोलावतात. दुसऱ्या हार्वेस्टला मला असंच बोलावलं होतं, पहाटे चारला, कारण १४ नंबरच्या टाकीच्या पानावर सलग नऊ दिवस फक्त माझीच सही होती. ते काका पण आले होते. म्हणाले, "मॅडम, कूलिंगचा व्हॉल्व्ह कुठला?" मी दाखवला, आणि होज घ्यायला गेले.